लाल दोरा, निळा दोरा

२९ ऑगस्ट २००३, शुक्रवार

ही डायरी १९९८ सालची आहे. कापसातली सरकी काढायची आमची जिनिंग मिल त्याच वर्षी बंद पडली. त्याआधीच्या दिवाळीत शेठजींनी प्रत्येक फिटरला एकेक डायरी दिली होती, ती माझ्याकडे कोरीच राहिली. छापलेले वार आता जुळत नाहीत, म्हणून खोडून वर लिहितो. बावीस वर्षं मी पाळीचं लॉगबुक भरलं. बिघाड काय, कारण काय, उपाय काय, एवढंच लिहायचं असायचं. स्वतःबद्दल कधी लिहिलं नाही, त्यामुळे हात जरा अडखळतोय.

लिहायला घेण्याचं कारण असं. काल तान्हा पोळ्याच्या गर्दीत ताराचंद भेटला. तोही आमच्याच जिनिंगमधला फिटर, दुसऱ्या पाळीचा. म्हणाला, नागपूरची एक कंपनी पेरू नावाच्या देशात रुईची मशीनं पाठवते आहे. एक जुना माणूस पाहिजे. दोन वर्षं तिकडे राहून मशीनं बसवायची आणि तिकडच्या लोकांना शिकवायची. नोव्हेंबरात तिकडचे साहेब स्वतः निवड करायला येणार. अट एकच, सुट्या भागांची आणि रोजच्या वस्तूंची नावं त्यांच्या स्पॅनिश भाषेत आली पाहिजेत. ताराचंदचे गुडघे गेलेत, म्हणून त्याने माझं नाव दिलं.

घरी आलो तेव्हा बायको, देवका, गोधडी शिवत होती. तिला सांगितलं.

"पेरू म्हंजे जांब?" तिने विचारलं.

"देश आहे."

"थ्या गावाले बस जाते काय?"

"विमान जाते."

सुई चालूच होती. "दोन वर्षं म्हंजे किती पोळे होतेत?"

"दोन."

"अन् दिवाळ्या?"

"त्या बी दोनच."

हिशेब तिला पटला असावा, कारण तिने सुईत नवा दोरा ओवला. मला मात्र झोप लागली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी फिटर रूपराव हवा आहे म्हणून नाव घेतलं. बावन्नाव्या वर्षी एवढा आनंद व्हावा याची लाज वाटते, पण होतोय.

१ सप्टेंबर, सोमवार

लीना मॅडमकडे गेलो होतो. आमच्या मुलीला, आचलला, शाळेत मराठी शिकवणाऱ्या. आता निवृत्त आहेत, घरात एकट्याच असतात. त्यांचा मुलगा साकेत पुण्याला कंपनीत आहे. त्याने स्वतःसाठी स्पॅनिशचं पुस्तक आणि कॅसेटी घेतल्या, कंटाळला आणि आईकडे पाठवून दिल्या. मॅडम वर्षभर त्या ऐकतायत. शिकवाल का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "रूपरावजी, पाठांतर करावं लागेल. छडी नाही मारणार, पण सोडणारही नाही."

पहिलाच धडा जड गेला. तिकडे प्रत्येक वस्तू एक तर बाई, नाहीतर बुवा. बाईच्या आधी 'ला' लावायचं, बुवाच्या आधी 'एल'. आपल्याकडे तो, ती, ते असे तीन. त्यांच्याकडे दोनच. मी विचारलं, मग आपलं घर, पाणी, पुस्तक, लेकरू यांनी जायचं कुठे? मॅडम म्हणाल्या, "दोघांत वाटून दिली."

टेबल बाई आहे. ला मेसा. पुस्तक बुवा. एल लिब्रो. मी म्हटलं, टेबल बाई कशावरून? त्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण विचारायचं नाही. आपण तरी चूल ती का आणि तवा तो का, हे कधी कोणाला विचारलं?"

कारण न विचारता काम करायचं म्हणजे फिटरला मोठीच शिक्षा. पण पाना बाई, हातोडा बुवा, असं करत करत नट-बोल्टवर आलो. नट 'ला तुएर्का', बोल्ट 'एल तोर्नियो'. म्हटलं, मॅडम, हे मात्र एका फटक्यात समजलं. त्या आधी रागावल्या, मग पाणी आणायला म्हणून आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज आला.

७ सप्टेंबर, रविवार

युक्ती काढली. जिनिंगमध्ये दुरुस्तीला काढलेल्या मशीनला लाल चिंधी बांधायचो, म्हणजे कोणी चुकून चालू करत नसे. तसंच घरात करायचं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, तिच्यावर नुसतं नाव. बाई असेल तर लाल दोरा, बुवा असेल तर निळा. वहीतही नाव आणि अर्थ एवढंच लिहायचं, बाई की बुवा हे दोऱ्यावरून डोळ्यांनी पाठ करायचं. मॅडमना पसंत पडलं. पुस्तक एकच आहे, ते त्यांच्याकडेच राहतं. मी तिथून शब्द आणतो आणि घरी येऊन दोरे बांधतो. दोरे देवकाच्या शिलाईच्या डब्यातले.

दिवसभर घरातून फिरलो. एरवी या वस्तूंकडे कोण पाहतं? ताटाला निळा बांधायला गेलो तर मागे देवकाच्या मामांनी कोरून घेतलेली आमची दोघांची नावं दिसली, १९७७. खुर्चीला लाल. ही खुर्ची टाइम ऑफिसची, लिलावात कोणी घेईना म्हणून मी डोक्यावर उचलून आणली होती. तिच्यासमोर उभा राहून मी हजेरी दिली आहे. दाराला लाल, खिडकीलाही लाल. आढ्याला आचलच्या पाळण्याचा आकडा अजून आहे. त्याचं नाव पुस्तकात सापडलं नाही, पण तिथे बराच वेळ उभा राहिलो. पोर खाली झोपलेली असायची आणि मी रात्रपाळी करून आलो की देवका ओठांवर बोट ठेवायची.

पाण्याचा घोळच आहे. मॅडम म्हणाल्या, पाणी बाई आहे, पण बोलताना बुवाचा 'एल' लावते. माठाला दोन्ही दोरे बांधले.

शेवटी घराची चिठ्ठी दाराच्या कडीला अडकवली. ला कासा, लाल. देवका भाकरी थापता थापता म्हणाली, "घर बाई हाये तेथं? मंग थ्या लोकाइले समजते काईतरी."

१६ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमनी टेबल विचारलं. मी छातीठोकपणे 'एल मेसा' म्हटलं. चूक. पहिल्याच दिवशीचा शब्द! घरी येऊन पाहिलं तर टेबलाला निळा दोरा. म्हणजे बांधतानाच माझी चूक झाली होती. बदलून लाल बांधला.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज चार चुका. खुर्ची, ताट, चमचा, खिडकी. घरी येऊन पाहिलं, चारही दोरे उलटे. मी इतका कसा चुकलो? ताटाला निळा बांधल्याचं मला स्वच्छ आठवतं, वर पहिल्या पानांत लिहिलंही आहे, आणि ताटाला लाल आहे.

बिघाड: दोरे बदलणे. कारण: समजले नाही. उपाय: पुन्हा बांधले, गाठ पक्की मारली.

देवकाला विचारलं, उंदीर असतील काय? म्हणाली, "असतीन. आजकालचे उंदीर हुशार झाले." मग मला वाढताना म्हणाली, "एवढं अवघड हाये तं सोडून द्या ना. मॅडम का म्हनतेत?" मी म्हटलं, सोडायला मी काय आचल आहे पाढे सोडायला? तिने भाताचा गोळा जरा जास्तच जोरात ताटात ठेवला.

४ ऑक्टोबर, शनिवार

खंडेनवमी. जिनिंग बंद पडली तरी दरवर्षी आम्ही दहा-बारा जण पूजेला जातो. डोमाजीभाऊ तिथे चौकीदार आहेत, ते फाटक उघडतात. "या रूपरावभाऊ. कुलूप गंजून राह्यलं, पण उघडते," म्हणाले. या वर्षी देवकाही आली. किती वर्षांनी आली.

आत गेलो की आधी वास येतो. सरकीच्या तेलाचा, चामड्याचा, जुन्या रुईचा. पाच वर्षांत गेलेला नाही. चोवीस जिन एका ओळीत उभ्या आहेत. हंगामात त्या सगळ्या चालू असल्या की बोललेलं ऐकू यायचं नाही, बायका खुणांनी बोलायच्या. जेवायची खूण, लेकराची खूण, मुकादम येतोय ही खूण. देवका तशी खूण आज डोमाजीभाऊंना करून दाखवत होती आणि ते हसत हसत डोळे पुसत होते.

मी मशीनच्या भागांची नावं म्हणत ओळीतून चाललो. रोलर एल रोदियो. पट्टा ला कोर्रेआ. कापूस एल अल्गोदोन, सरकी ला सेमिया. कापूस तो आणि सरकी ती, आपल्यासारखंच. एवढ्या लांबच्या लोकांना हे एक तरी बरोबर सुचलं, बरं वाटलं.

नऊ नंबरच्या जिनपाशी थांबलो. ती देवकाची जिन. शहात्तर सालच्या हंगामात ती तिथे कापूस घालायची, मी नवा नवा फिटर. त्या नऊ नंबरने माझा जीव खाल्ला होता. रोज पट्टा घसरायचा. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. मी पट्टा बदलला, राळ लावली, दोरी धरून दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का पाहिल्या. सगळं बरोबर. तरी माझ्या पाळीत पट्टा घसरायचाच, ताराचंदच्या पाळीत एकदाही नाही. ताराचंद हसायचा, मला वाटायचं माझ्या कामाला हसतो. लॉगबुकात मी सदतीस पानांवर 'कारण समजले नाही' असं लिहिलं आहे. लग्न झालं, देवकाने काम सोडलं, आणि त्याच सुमारास पट्टा आपोआप सुधारला. यंत्राची लहर असते, दुसरं काय.

हे सगळं मी आज देवकाला पुन्हा सांगितलं. ती जिनला कुंकू लावत होती. तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काऊन हासून राह्यली वो?"

"काई नाई. तुमी लय हुशार फिटर होते, थे आठवलं."

कौतुक ऐकून बरं वाटलं. पण घरी येताना रिक्षात ती माझ्या शर्टाची बाही धरून बसली.

१२ ऑक्टोबर, रविवार

'ओ'ने संपलं की बुवा, 'आ'ने संपलं की बाई, असं ढोबळ लक्षात ठेवा म्हणून मॅडमनी मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. आज म्हणाल्या, आता अपवाद. दिवस बुवा आहे, एल दिया. आणि हात बाई. ला मानो. नवखे इथे हमखास चुकतात. म्हणजे शेवटच्या अक्षरावर भरवसा नाही, दोऱ्यावरच ठेवायचा.

हाताला चिठ्ठी कुठे लावणार? घरी येऊन मनगट पुढे केलं आणि देवकाला लाल दोरा बांधायला सांगितला. तिने डब्यातून नवीन काढला, तीन पदरी केला आणि बांधला. बांधून झाल्यावरही हात सोडेना. बोटांवरच्या जुन्या जखमा पाहत होती. जिनच्या सुरीने कापलेलं करंगळीचं टोक चोळत म्हणाली, "हे तेथं दुखलं तं कोन पाह्यन?" मी म्हटलं, तिथे कंपनीचा दवाखाना आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी झाली. आचल देवळीहून आली होती. जावई कृषी केंद्रात अडकले म्हणून एकटीच आली. सगळ्या घरात दोरे पाहून आधी पोट धरून हसली. मग मला प्रश्न विचारून माझी परीक्षा घेत बसली. आज सकाळी टेबलाजवळ थांबून म्हणाली, "आई, काल तं मेजाले लाल दोरा होता ना? मीच पुसलं काल मेज."

देवका लगेच म्हणाली, "तू चिवडा पाह्य, जळून राह्यला."

"चिवडा तं डब्यात हाये."

"मंग डब्बा पाह्य!"

आचल आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. दोघींचं स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात चाललं होतं. आचलचे डोळे लाल दिसले. सासरी काही त्रास तर नाही ना? विचारलं तर म्हणाली, "नाई बाबा, तुमीच काळजी घेजा."

दोऱ्यांची लक्षणं ठीक नाहीत. रोज दोन-तीन तरी उलटे निघतात. इतकं झालंय की खरा कुठला आणि खोटा कुठला हेच मला आता सांगता येत नाही. पूर्ण घरात दोनच वस्तूंचं कधी बिघडलं नाही. एक माठ आणि एक माझं मनगट.

८ नोव्हेंबर, शनिवार

लिहायची इच्छा नाही, पण लिहून टाकतो.

साहेब अठरा तारखेला येणार. म्हणून मॅडमनी आज वीस शब्दांची चाचणी घेतली. तेरा चुकले. मॅडम काही रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "रूपरावजी, तुम्ही मेहनत केली. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका. अकोल्याकडच्या माणसालाही बोलावलंय म्हणे त्यांनी."

तिथून घरी आलो, हत्यारांची पिशवी उचलली आणि तसाच मोतीलालच्या भंगाराच्या दुकानावर गेलो. का गेलो ते मलाही सांगता येणार नाही. वाटलं, ज्याच्या डोक्यात टेबल आणि खुर्ची राहत नाही त्याने पाने ठेवून करायचं काय? मोतीलालने पाने उचलले आणि लोखंडाच्या काट्यावर टाकले. "घेतो भाऊ, पण वजनावर. आता हे कोन वापरते?"

काट्यावर माझे पाने पडले होते. नऊ-दहाचा, बारा-तेराचा, आणि तो वाकडा, जो मी स्वतः घासून नऊ नंबरच्या पुलीसाठी बनवला होता. मी ते परत पिशवीत भरले आणि निघून आलो. मोतीलाल मागून हाक मारत होता.

देवकाने विचारलं, पिशवी घेऊन कुठे गेला होतात. सांगितलं.

"काट्यावर ठेवले थ्यानं?"

"हो."

"अन् तुमी काईच म्हटलं नाई?"

"काय म्हणू? बरोबरच आहे त्याचं. मी आता लोखंडच आहे. काट्यावर ठेवायच्याच लायकीचा."

जेवलो नाही. तीही जेवली नाही. आयुष्यात इतकं रिकामं कधी वाटलं नव्हतं, जिनिंगला कुलूप लागलं त्या दिवशीही नाही. त्या दिवशी आम्ही दोनशे जण होतो. आज मी एकटा होतो.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठलो तर चहा झालेला नव्हता. देवका हातात शिलाईचा डबा घेऊन टेबलापाशी उभी होती. म्हणाली, साफसफाई करते आहे. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले! डोळे सुजलेले होते, धुळीने असणार.

चहा पिऊन चिठ्ठ्या पाहायला लागलो. आज सगळ्या मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे. टेबल लाल, ताट निळा, खुर्ची लाल, खिडकी लाल. मला खरं वाटेना. सगळ्यांची यादी करून मॅडमकडे नेली. त्यांनी पुस्तक काढून एकेक तपासलं. एकही चूक नाही.

विचार करून एकच कारण सापडलं. दोरे बरोबरच असणार, पाहताना मीच चुकत होतो. चष्म्याचा नंबर वाढला आहे. उद्याच डोळे तपासून घेतो.

संध्याकाळी देवका म्हणाली, "बसा समोर. मी इचारतो, तुमी सांगा." मी म्हटलं, तुला काय येतं? ती म्हणाली, "दोन महिने दोरेच पाहून राह्यली ना मी." आणि एकेक वस्तूवर बोट ठेवत गेली. चमचा, लाल. चाकू, निळा. मी अडकलो की तिचं उत्तर आधी तयार. एकदाही चुकली नाही! कुठे शिकली देव जाणे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

झालं. आणि चांगलं झालं.

गावाबाहेरच्या एका चालू जिनिंगमध्ये बोलावलं होतं. साहेब बुटके, जाड मिशांचे, सोबत दुभाष्या. आधी एक जिन मुद्दाम बिघडवून ठेवली होती. मी पेचकसाचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. सुरी आणि रोलरमधलं अंतर डाव्या बाजूला जास्त होतं. अर्ध्या तासात नीट करून दिली. किती वर्षांनी हाताला मशीनचं ते थरथरणं लागलं. आनंदाने माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, रुईचा कण गेला असं सांगितलं.

मग साहेब बोट ठेवत गेले आणि मी सांगत गेलो. एल रोदियो. ला कोर्रेआ. एल मोतोर. ला यावे, म्हणजे पाना. एल तोर्नियो, ला तुएर्का. सांगताना माझ्यासमोर मशीन नव्हतं, घर होतं, आणि बोट देवकाचं होतं. शेवटी त्यांनी माझाच हात धरून वर केला. ला मानो. साहेबांनी टाळी वाजवली. दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, ला-एल उलटसुलट झालं असतं तरी त्यांना कळलं असतं. पण जो माणूस आपली भाषा एवढ्या काळजीने शिकून येतो, तो मशीनचीही काळजी घेईल."

हे देवकाला सांगितलं. ती म्हणाली, "घेतीनच." आणि माझ्या शर्टावरची रुई वेचत बसली.

३ डिसेंबर, बुधवार

पत्र आलं. निवड झाली. जानेवारीच्या अठराला निघायचं.

देवकाने देवापुढे साखर ठेवली आणि शेजारीपाजारी वाटलीही. माझ्यापेक्षा तिलाच आनंद जास्त झालेला दिसतो. पहिल्या दिवशी नुसते पोळे मोजत होती, म्हणून मला शंका होती की तिला पसंत नाही. बायकांचं मन आपण उगाच अवघड समजतो.

२० डिसेंबर, शनिवार

नवीन गोधडी शिवते आहे. माझे जिनिंगचे खाकी शर्ट आणि तिची जुनी लुगडी. मी सांगितलं, तिकडे आपल्यासारखाच उकाडा आहे, शिवाय विमानात वजनाचं बंधन असतं. ऐकत नाही. टाके इतके जवळजवळ घालते आहे की दिवसाला वीतभरही पुढे सरकत नाही. म्हटलं, या वेगाने अठरापर्यंत होणार नाही. ती म्हणाली, "नाई झाली तं थांबसान काय?" मग लगेच म्हणाली, "गंमत केली. होते."

१८ जानेवारी २००४, रविवार

नागपूरहून मुंबईची गाडी धरली आहे. ऊन अजून आहे, खिडकीतून तुरीची शेतं जातायत. बाकावर लिहितो आहे, अक्षर हलतं.

सकाळी हिंगणघाटच्या बसस्टँडवर आचल, जावई, डोमाजीभाऊ, ताराचंद सगळे आले होते. मॅडम संक्रांतीलाच साकेतकडे पुण्याला गेल्या. गोधडी काल झाली, पेटीत बसेना म्हणून खांद्यावर घेतली. देवका सकाळपासून नेहमीसारखीच होती. डबा बांधला, पाण्याची बाटली भरली, पेटीला दोनदा कुलूप लावून पाहिलं. मला वाटलं, खंबीर आहे, बरं झालं.

बसमध्ये सामान ठेवून खाली उतरलो. सुटायला पाच मिनिटं होती. तेव्हा तिने विचारलं, "आता मी घरी परत जातो, असं थ्यायच्या भाषेत कसं म्हनतेत?"

मी खिशातली वही काढली. सहाशेच्या वर शब्द झाले आहेत. नट, बोल्ट, खिडकी, चमचा, सरकी, चंद्र, सूर्य. पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं चाळली. कंडक्टरने घंटी मारली. नव्हतं. चार महिने बसून शिकलो, आणि परत येणं मी विचारलंच नव्हतं.

"नाई माहीत," मी म्हटलं.

आचलने आईचा खांदा धरला. मग देवका म्हणाली, "तं पयले थेच शिकजा. बाकी काई नाई आलं तरी चालते." आणि तोंड फिरवून रडायला लागली. माझ्यासमोर ती कधी रडलेली नाही, तिची आई वारली तेव्हाही नाही. ड्रायव्हरने बस काढली. मी दारात उभा राहून पाहत होतो. तिने पाठ फिरवलेली होती, हात मात्र मागे हलवत होती, बसकडे न बघता.

सव्वीस वर्षांत मी तिच्याशिवाय एकदाही कुठे मुक्कामाला राहिलो नाही. हे मला आज बस जाम गावच्या चौकात वळली तेव्हा कळलं. काम मिळालं याच्या आनंदात मी तिला एकदाही विचारलं नाही, तू काय करशील? मला वाटलं, तिला पसंत आहे. काहीच पसंत नव्हतं तिला. तरी तिनेच मला समोर बसवून शब्द घोकून घेतले. मी हे गोधडीत तोंड घालून रडत लिहितो आहे. समोरच्या बाई संत्रं सोलून देतायत आणि विचारतायत, घरचं कोणी गेलं का.

वहीचं पहिलं पान काढलं आहे. टेबलाच्या वर, सगळ्या शब्दांच्या वर, थोडी जागा आहे. मुंबईला, विमानात, तिकडे उतरल्यावर, त्या भाषेचा जो कोणी माणूस आधी भेटेल, त्याला पहिलं तेच विचारणार आहे. देवका, पहिलं तेच.